बटणांना कामं नेमताना: जॉयस्टिक आणि थ्रॉटलचा एक पाठ

लढाऊ विमानाचा सिम्युलेटर पहिल्यांदा सुरू केला की माणूस शत्रूच्या विमानाआधी कंट्रोल्सच्या यादीलाच घाबरतो. यादीत शेकडो ओळी आणि टेबलावर मात्र मोजकी बटणं. कुठलं काम कुठल्या बटणाला द्यायचं, हे या पाठात पाहू. उदाहरणांसाठी मी डीसीएस वर्ल्ड घेतला आहे, कारण त्यात सुखोई एसयू-२५टी हे विमान फुकट मिळतं आणि विद्यार्थ्याच्या खिशाला ते परवडतं. ज्यांना विमानांचं वेड नाही त्यांनीही वाचावं. मुद्दा शेवटी हातांचा आणि लक्षाचा आहे.

होटास म्हणजे काय?

‘हँड्स ऑन थ्रॉटल अँड स्टिक’ या शब्दांचं आद्याक्षरी रूप म्हणजे होटास. डावा हात थ्रॉटलवर, उजवा स्टिकवर, आणि ऐन लढाईत लागणारं काम हात न उचलता व्हायला हवं. आपल्या हैदराबादजवळ दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत २०१३पासून कॅडेट्स पिलाटस पीसी-७ मार्क-२वर उडायला शिकतात. तिथला कॅडेट असो की हॉस्टेलच्या टेबलाशी बसलेले आपण, नजर बाहेर हवी. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारं विमान एका सेकंदात २५० मीटर जातं. खाली बघून बटण शोधायला दोन सेकंद लागले, तर अर्धा किलोमीटर आपण आंधळे उडालो.

भारतीय हवाई दलाची दोन विमानं शेजारी ठेवली की फरक कळतो. मिग-२१ आपल्याकडे १९६३मध्ये आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. त्या जुन्या कॉकपिटमध्ये बहुतेक स्विच समोर आणि बाजूच्या पॅनेलवर पसरलेले. पण चाकांच्या ब्रेकचा लिव्हर मात्र चक्क स्टिकवर. १९८५मध्ये आलेल्या मिराज २०००मध्ये रडारची आणि शस्त्रांची बरीच कामं थ्रॉटल-स्टिकवर आली. डीसीएसमध्ये ही दोन्ही घराणी उडवता येतात. म्हणून एकाची मांडणी उचलून दुसऱ्याला चिकटवू नका. तसंही डीसीएस प्रत्येक विमानाची नेमणूक वेगळी ठेवतो.

चूक कुणाची: हाताची की मांडणीची?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत होती. वैमानिकाला फ्लॅप्स आत घ्यायचे असत, तो चाकं आत घेई. १९४३मध्ये अल्फॉन्स शापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तर दोन्हींचे स्विच शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखेच. त्याने चाकांच्या कंट्रोलला छोटं रबरी चाक लावलं आणि फ्लॅप्सच्या कंट्रोलला पाचरीसारखा तुकडा. बोटांना फरक कळू लागला. आजही प्रवासी विमानांत चाकांच्या लिव्हरचं टोक चाकाच्या आकाराचं असतं.

पुढे १९४७मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हटल्या गेलेल्या ४६० घटना तपासल्या. त्यांतला सर्वांत मोठा गट एका कंट्रोलऐवजी दुसरंच चालवल्याचा होता.

आता गंमत बघा. एसयू-२५टीमध्ये कीबोर्डवर चाकांसाठी ‘जी’ आहे आणि फ्लॅप्ससाठी ‘एफ’. एकमेकींना चिकटलेल्या, एकाच आकाराच्या दोन कळा! बी-१७चीच मांडणी आपल्या टेबलावर पुन्हा आली. म्हणून पहिला नियम: ज्या दोन कामांची अदलाबदल महागात पडेल, ती दोन बटणं जागेने आणि स्पर्शाने वेगळी हवीत.

बोटं हे सहज शिकतात. आमच्या घरी रोझरी म्हणताना माळेकडे कुणी बघत नाही. दहा मणी जवळजवळ, मग थोडं अंतर सोडून एकटा मणी. तो बोटाला लागला की दशक संपलं हे अंधारातही कळतं. बेसवरच्या एखाद्या बटणावर कापडी चिकटपट्टीचा तुकडा लावला तरी तेवढं काम होतं.

कामांचे तीन ढीग

संगणक सुरू करण्याआधी कागद घ्या.

पहिला ढीग: लढताना क्षणात लागणारी कामं. ट्रिगर, शस्त्र सोडणं, लक्ष्य लॉक करणं, फ्लेअर, एअरब्रेक, ट्रिम. ही फक्त स्टिक आणि थ्रॉटलवर.

दुसरा ढीग: उड्डाणात एकदोनदा लागणारी कामं. चाकं, फ्लॅप्स, दिवे. ही बेसवर चालतील. थ्रस्टमास्टर टी-१६०००एमच्या बेसवर सहा-सहाच्या दोन गटांत १२ बटणं आहेत. चाकं एका गटात, फ्लॅप्स दुसऱ्या.

तिसरा ढीग: इंजिन सुरू करण्यासारखी निवांत कामं. ती कीबोर्डवरच राहू द्या.

इजेक्ट कुठल्याच ढिगात नको. ते कीबोर्डवर कंट्रोल आणि ई तीनदा दाबूनच होतं. ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे, ती राहू द्या.

एका बटणाची दोन कामं

त्याच स्टिकवर ट्रिगर धरून चार बटणं आहेत आणि एक हॅट स्विच. हॅटच्या चार दिशा धरल्या तर आठ कामं झाली. थ्रॉटलवरचं एक बटण मॉडिफायर केलं की आठची सोळा होतात. मराठी इनस्क्रिप्ट टाइप करणाऱ्यांना हे नवं नाही. ‘क’च्याच कळेवर शिफ्ट धरून आपण ‘ख’ काढतो.

पण टाइप करताना शिफ्ट राहिली तर शब्द चुकतो, इथे क्षेपणास्त्र सुटू शकतं. म्हणून प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारा: मॉडिफायर दाबायचा राहिला तर काय होईल? साधं बटण शस्त्र सोडतं आणि मॉडिफायरसह तेच शस्त्र बदलतं, अशी जोडी नको. साध्या दाबावर निरुपद्रवी काम ठेवा. हॅटने आजूबाजूला बघणं, मॉडिफायरसह ट्रिम, ही जोडी चालेल.

थ्रस्टमास्टरच्या टार्गेट सॉफ्टवेअरमध्ये थोडं दाबलं तर एक काम आणि दाबून धरलं तर दुसरं, असंही करता येतं. मात्र तुम्ही बटण लगेच सोडणार की धरणार हे कळेपर्यंत सॉफ्टवेअरला थांबावं लागतं. म्हणून फ्लेअरसारखं घाईचं काम तिथे कधीच नको.

तीन तपासण्या

एक: डीसीएस जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला आपणहून अक्ष देऊन टाकतो. नाक वर-खाली करणारा अक्ष स्टिक आणि थ्रॉटल दोघांकडे गेला, तर विमान विचित्र वागतं. नको त्या नेमणुका पुसा.

दोन: तुमचा स्विच दाबल्यावर परत येणारा आहे की जागेवर राहणारा? राहणारा असेल तर तुमचा स्विच वर आणि कॉकपिटमधला खाली, असं होऊ शकतं. पर्यायांमध्ये मिशनच्या सुरुवातीला दोन्ही जुळवून घेण्याची सोय आहे, ती चालू करा.

तीन: विमान जमिनीवर ठेवा, डोळे मिटा आणि मित्राला कामांची नावं मराठीत मोठ्याने पुकारायला सांगा. ‘फ्लेअर सोड’, ‘चाकं वर’, ‘लॉक तोड’. बोट जिथे अडखळेल तिथे खूण करा. तेच बटण तीनदा चुकलं तर सराव वाढवण्याआधी बटण बदला. शापानिसने वैमानिकांना बोल लावला नाही, कंट्रोलचा आकार बदलला. आपल्यालाही एखादा जुनिअर पुन्हा पुन्हा चुकताना दिसला, तर त्याच्यावर ओरडण्याआधी त्याच्या हाताखाली काय ठेवलंय ते बघावं.