वारसा एक, जपानी शब्द चार

शेत, स्वभाव, परंपरा या सगळ्यांना मराठीत ‘वारसा’ चालतो. जपानीत मात्र शब्द निवडावा लागतो. मालमत्ता वारसाने मिळाली तर ‘सोझोकु’. त्यात कर्जही येते. रक्तगट, डोळ्यांचा रंग हे ‘इदेन’. राजगादीचा वारसा ‘केइशो’. वडीलधाऱ्यांची परंपरा किंवा विचार आपण पुढे नेले तर ‘उकेत्सुगु’. हे जोडक्रियापद आहे: ‘उकेरु’ म्हणजे स्वीकारणे, ‘त्सुगु’ म्हणजे पुढे चालवणे.

माझे आजोबा आणि बाबा दोघेही फौजेतले. लोक म्हणतात, ‘शौर्य तुझ्या रक्तातच आहे.’ म्हणजे ते ‘इदेन’ समजतात. मला ते ‘उकेत्सुगु’ वाटते. रक्तगट जन्मतःच मिळतो. शौर्य मात्र आपण होऊन स्वीकारावे लागते आणि रोज पहाटेच्या पीटीपासून पुढे चालवावे लागते.