चौकातलं ऊन संगणकावर: पैसे कुठे द्यायचे, कुठे नाही

बीड, अंबाजोगाई किंवा धारूरला जुन्या वाड्याचा चौक दुरुस्त करायचाय? शाळेत, वसतिगृहात मधलं अंगण सोडायचंय? उन्हाळ्यात तिथे किती तापेल, हे संगणकावर आधी पाहता येतं. पण लगेच सल्लागाराला आगाऊ रक्कम देऊ नका. एका घरापुरतं बरंचसं उत्तर फुकटात मिळतं.

आधी सावली बघा. सनकॅल्क या संकेतस्थळावर जागा, तारीख, वेळ आणि भिंतीची उंची भरा. सावलीची लांबी कळते. बीड साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि भिंत कितीही उंच केली तरी त्या वेळी चौकात सावली नसते. भिंत सकाळ-संध्याकाळी उपयोगी, दुपारी वरूनच आडोसा हवा: झाड, मांडव, शेडनेट. भिंत वाढवण्याचा खर्च सुचवणाऱ्याला भर दुपारची सावली दाखवायला सांगा.

मग एप्रिल-मेमध्ये एक दिवस मोजमाप करा. दर तासाला फरशीवर सावलीची कड खडूने आखून शेजारी वेळ लिहा. इन्फ्रारेड गन साधारण हजार-दीड हजारात मिळते. तिने फरशी आणि भिंत मोजा. ती हवेचं तापमान सांगत नाही आणि चकचकीत स्टीलवर चुकते. हवेसाठी साधा तापमापक सावलीत, छातीच्या उंचीवर टांगा. माणसाला चौकात भाजतं ते हवेमुळे जितकं, तितकंच तापलेल्या फरशी-भिंतींमुळे, म्हणून दोन्ही आकडे लागतात.

एवढ्यावर भागत नसेल तरच सॉफ्टवेअर. एन्व्ही-मेट हे जर्मन सॉफ्टवेअर याच कामाचं. त्याची लाइट आवृत्ती फुकट, पण मर्यादित आकाराची आणि व्यावसायिक कामाला चालत नाही. पूर्ण परवान्याचा दर पाहताना जीएसटी आणि बँकेचं परकीय चलन शुल्क धरा. लेडीबग हे दुसरं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते बहुतेक जण ज्यात चालवतात त्या ऱ्हायनो सॉफ्टवेअरला पैसे पडतात. एन्व्ही-मेटमध्ये एका दिवसाचं गणित साध्या लॅपटॉपवर कित्येक तास चालतं. या सॉफ्टवेअरना लागणारी हवामानाची फाइल विकत घेऊ नका. युरोपीय आयोगाच्या पीव्हीजीआयएस या संकेतस्थळावर नकाशात बीड निवडून ती विनाशुल्क उतरवता येते.

सल्लागाराकडे जाताना मोजमापांसह नकाशा, उत्तर दिशा, भिंतींची उंची-जाडी, फरशीचा प्रकार आणि झाडांची उंची न्या. हे तयार नसेल तर मोजणीचे पैसे वेगळे लागतात. कोटेशनमध्ये लिहून घ्या: हवामान फाइल कुठली (पुण्याची नको), किती पर्याय तपासणार, प्रत्यक्ष मोजमापाशी ताळा घालणार का, प्रवासखर्च आणि 18 टक्के जीएसटी आत की बाहेर, मॉडेलच्या फाइली तुम्हाला मिळणार का. नुसती तापमानाची लाल-निळी चित्रं घेऊन पूर्ण रक्कम देऊ नका.

चौकावर कायमचं छप्पर टाकायचं असेल तर आधी नगरपरिषदेत, गावात ग्रामपंचायतीत विचारा. मालमत्ता पत्रक किंवा नमुना 8, मंजूर नकाशा आणि कराची पावती सोबत ठेवा.