टोमॅटो लाल कशाने होतो?

परसात किंवा गच्चीवर टोमॅटोची चार रोपे लावणाऱ्या बहुतेकांची एक तक्रार असते. रोप जोमाने वाढले, फुलेही आली. परंतु फुले गळून पडली, किंवा फळे धरली तरी लाल न होता पिवळट राहून मऊ पडली. यावर घरोघर जी कारणे सांगितली जातात, ती आम्हांला त्या नासलेल्या फळांहून अधिक अस्वस्थ करतात. कोणाची तरी दृष्ट लागली, कोणाचा हात वाईट, आणि कित्येक घरांत आजही पाळीच्या दिवसांत मुलीची सावली रोपावर पडली म्हणून! निवासी शाळेत शिकवताना अशा समजुती घरून घेऊन आलेली मुले आम्हांला नेहमी भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा झाडाची तपासणी करणे अधिक उपयोगाचे ठरते.

प्रथम या झाडाचे मूळ पाहू. टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरातले. त्याची लागवड मेक्सिकोत रुजली आणि तेथील नाहुआत्ल भाषेतील ‘तोमात्ल’ या शब्दावरून आजचे नाव आले. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी मेक्सिको जिंकल्यानंतर ते युरोपात पोहोचले. १५४४ साली मत्तिओली या इटालियन वैद्याने पिकल्यावर सोनेरी होणारे फळ म्हणून त्याची नोंद केली. इटलीत त्याला आजही ‘पोमोदोरो’, म्हणजे सोन्याचे सफरचंद, म्हणतात. आपल्याकडे ते युरोपीयांच्या मागून आले. बंगालीत त्याला ‘विलायती वांगे’ या अर्थाचे नाव मिळाले, तर पूर्व विदर्भात ते ‘भेदरं’ झाले. जुन्या पोथ्यांना जे झाड ठाऊकच नव्हते, त्याला सनातन विटाळ कोठून चिकटला, असा प्रश्न वर्गात विचारला की मुली आधी हसतात आणि मग विचारात पडतात.

आता फुलगळीकडे वळू. टोमॅटोच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. वाऱ्याने किंवा भुंग्याच्या गुणगुणण्याने फूल हलले की परागीभवन होते. दिवसाचे तापमान सुमारे ३५ अंशांच्या वर गेले, किंवा रात्र फार उष्ण राहिली, की परागकण निकामी होतात व फूल गळते. जानेवारीत बी पेरणाऱ्याच्या रोपांना मार्च-एप्रिलमध्ये फुले येतात. ती गळली तर दोष कोणाच्या सावलीचा नसून पंचांगाचा आहे. महाराष्ट्रात घरच्या बागेसाठी सप्टेंबरात बी पेरावे, पंचवीस ते तीस दिवसांची रोपे ऑक्टोबरात लावावीत, म्हणजे फुले थंडीच्या तोंडाशी येतात. बंद गच्चीत वारा नसेल तर सकाळी फांदीला बोटाने हलकी टिचकी मारावी.

पिकण्याविषयीचा गैरसमज याहून दृढ आहे. ऊन लागल्याने फळ लाल होते असे समजून कित्येक जण झाडाची पाने खुडून फळे उघडी पाडतात. पानांना ऊन हवेच, दिवसाला सहा तास तरी. फळाला मात्र पिकण्यासाठी प्रकाशाची गरज नसते. उघड्या फळावर ऊन पडले की त्या बाजूस पांढरट करपा डाग पडतो. फूल धरल्यापासून फळ पूर्ण वाढण्यास साधारण पाच-सहा आठवडे लागतात. त्यानंतर फळ स्वतःच इथिलीन नावाचा वायू निर्माण करू लागते. हिरवा रंग विरतो आणि लायकोपीन हे लाल रंगद्रव्य तयार होते. हे काम २० ते २५ अंशांत उत्तम चालते. ३० अंशांच्या पुढे लायकोपीन बनणे मंदावते, पिवळा रंग देणारी द्रव्ये मात्र बनत राहतात. एप्रिलातले फळ नारिंगी-पिवळे राहते ते एवढ्याचसाठी.

म्हणून फळ झाडावरच लालबुंद व्हावे हा हट्ट उन्हाळ्यात तरी सोडावा. बुडाशी गुलाबी छटा दिसली की ते काढून घरात सावलीला ठेवावे. चवीत फारसे उणे पडत नाही आणि पाखरे व अळी यांपासूनही ते वाचते. घाई असेल तर कागदी पिशवीत एक पिकलेले केळे सोबत ठेवावे. केळ्यातून निघणारे इथिलीनच उरलेले काम करते. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. त्याची पुडी घरात आणूच नये. हिरवट टोमॅटो फ्रिजमध्येही ठेवू नये. थंडीने पिकणे थांबते आणि वास मरतो.

पाण्याविषयी थोडेच. चार दिवस विसरून पाचव्या दिवशी बादली ओतली की फळे तडकतात. अनियमित पाण्याने झाडाला कॅल्शियम नीट पोहोचत नाही आणि फळाचे बूड काळे पडते. ही कीड नव्हे, त्यावर औषध फवारणे व्यर्थ. बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालून बेताचे पाणी नित्य द्यावे. आधाराला बांबू किंवा तुराट्या पुरतात.

झाड संपत आल्यावर उरलेल्या हिरव्या फळांची शेंगदाणे व मिरची घालून चटणी करावी. एक-दोन उत्तम फळे मात्र बियांसाठी राखावीत. गर दोन-तीन दिवस भांड्यात आंबवावा, बियांभोवतीचा चिकट थर सुटला की धुऊन सावलीत वाळवावे आणि पाकिटावर वाण व वर्ष लिहून ठेवावे. पुसा रुबीसारख्या सरळ वाणाचे बी असे पुढे चालते. संकरित वाणाचे दरवर्षी नवेच घ्यावे लागते.