जन्मानंतरचे पहिले चोवीस तास

बाळ जन्मल्यावर पांचव्या रात्रीं सटवाईची पूजा करण्याची आमच्याकडील चाल फार जुनी आहे. त्या रात्रीं सटवाई येऊन बाळाच्या कपाळीं त्याचें नशीब लिहून जाते, अशी समजूत आहे. परंतु एक रोग असा आहे कीं, त्याच्यापुरता बाळाच्या नशिबाचा निकाल पांचव्या रात्रीपर्यंत थांबत नाहीं; तो पुष्कळ अंशीं पहिल्या चोवीस तासांतच लागतो. या रोगाचें नांव 'हिपॅटायटिस बी'. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील पालकांस व विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल अशी त्याची माहिती आम्ही येथें देत आहोंत.

कावीळ हा शब्द आपण सर्व जाणतों. परंतु कावीळ हा एकच रोग नव्हे, तें यकृताच्या बिघाडाचें एक चिन्ह आहे. दूषित पाण्यापासून होणारी कावीळ बहुधा कांहीं आठवड्यांत बरी होते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचें अंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं पिवळें दिसतें, त्याचें कारणहि बहुधा निराळेंच असतें. हिपॅटायटिस बी हा विषाणु मात्र रक्तांतून व शरीरांतील इतर द्रवांतून पसरतो. अमेरिकन शास्त्रज्ञ बारूख ब्लुंबर्ग यांस एका ऑस्ट्रेलियन आदिवासी मनुष्याच्या रक्तांत त्याची पहिली खूण सांपडली. पुढें १९७६ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

आईच्या रक्तांत हा विषाणु असेल तर बाळंतपणाच्या वेळीं तिच्या रक्ताशीं संबंध येऊन तो बाळाच्या शरीरांत शिरतो. प्रौढ मनुष्यास हा संसर्ग झाला, तर शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक जण त्यास झाडून टाकतात. नवजात बालकाची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. त्याच्या शरीरास शत्रूची ओळखच पटत नाहीं, आणि म्हणून जन्मतःच संसर्ग झालेल्या शंभर बालकांपैकीं सुमारें नव्वदांच्या शरीरांत विषाणु कायमचा ठाण मांडतो. पुढें कित्येक वर्षें कांहींहि जाणवत नाहीं. मूल खेळतें, शाळेंत जातें, संसाराला लागतें. आणि ऐन कर्तेपणीं यकृत आकसणें किंवा यकृताचा कर्करोग यांनीं त्यास गांठावें, असा या रोगाचा कावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं जगांत २५ कोटी ४० लक्ष लोकांच्या शरीरांत हा विषाणु वास करीत होता. त्यांपैकीं सुमारें २ कोटी ९८ लक्ष आपल्या भारतांत होते.

उपाय आहे, व तो साधा आहे. पहिली गोष्ट, गरोदरपणाच्या आरंभींच प्रत्येक स्त्रीच्या रक्ताची तपासणी व्हावी. कारण विषाणु असलेली आई बहुधा धडधाकटच दिसते. दुसरी गोष्ट, प्रत्येक बाळास, मग आईची तपासणी झालेली असो वा नसो, जन्मापासून चोवीस तासांच्या आंत मांडीवर लस टोंचावी, व पुढें सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत पंचगुणी लशीबरोबर उरलेल्या मात्रा द्याव्या. आईस विषाणु असल्याचें आढळल्यास बाळाच्या दुसऱ्या मांडीवर तयार प्रतिपिंडांची एक सुई, होईल तितकी बारा तासांच्या आंत, देतात. आईच्या रक्तांत विषाणूंचें प्रमाण फार असेल तर डॉक्टर तिला गरोदरपणींच टेनोफोव्हिर नांवाच्या गोळ्या देतात. अशा आईनें बाळास अंगावर पाजण्यास हरकत नाहीं. त्यापासून त्यास तोडूं नये.

घाई कां, असें कोणी विचारील. संसर्ग होऊन गेला असला तरी विषाणूला यकृतांत मूळ धरण्यास थोडा अवधि लागतो. तेवढ्यांत लशीनें शरीर सावध केलें कीं डाव पालटतो. तैवान देशानें १९८४ मध्यें बाळांना ही लस देण्यास आरंभ केला, आणि पुढें तेथील मुलांतील यकृताच्या कर्करोगाचें प्रमाण सुमारें निम्म्यावर आलें. भारत सरकारनें २००२-०३ मध्यें निवडक भागांत ही लस सुरू करून २०११ मध्यें ती देशभर नेली. आणि २८ जुलै २०१८ रोजीं यकृतदाहाच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आरंभिला.

मग आमच्या भागांत अडतें कोठें? पहिलटकरीण माहेरीं जाते, तिच्या तपासणीचा कागद मात्र कऱ्हाडास सासरच्या पेटींत राहतो. माणच्या किंवा जतच्या डॉक्टरला कांहीं कळत नाहीं. दरवर्षीं बीड वगैरे जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठीं येणाऱ्या स्त्रियांचें बाळंतपण कधीं कधीं फडाजवळच्या कोपींत होतें, आणि तेथें चोवीस तासांचा हिशेब ठेवणार कोण? तिसरी अडचण आमच्या मनांतली आहे. गरोदर सुनेच्या रक्तांत दोष निघाला कीं घरांतील माणसें तिलाच बोल लावूं लागतात. हा अन्याय आहे. तिला तो विषाणु तिच्या स्वतःच्या जन्माच्या वेळींच मिळालेला असण्याचा संभव पुष्कळ. त्या अजाण जिवाचा त्यांत काय अपराध? अशा वेळीं नवऱ्यानें व घरांतील इतरांनींहि आपलें रक्त तपासून घ्यावें, हाच खरा शहाणपणा. एका ताटांत जेवल्यानें किंवा बाळाला कुशींत घेतल्यानें हा रोग होत नाहीं. मात्र कान टोंचण्याची वा गोंदण्याची सुई आणि न्हाव्याचा वस्तरा एकाचा दुसऱ्यास वापरूं नये. गळ्यांत काविळीची माळ घालून हा विषाणु उतरत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें.

डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय उभारलें, तेव्हां दूरदूरचे लोक बैलगाड्यांतून तेथें येत. आज साताऱ्यास क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे, सांगलीस वसंतदादा पाटील रुग्णालय आहे, आणि ठिकठिकाणीं प्राथमिक आरोग्य केंद्रें आहेत. साधनें जवळ आलीं. आतां उणीव राहिली ती केवळ आठवणीची.

विद्यार्थिमित्रांनो, येथें तुमचें काम आहे. घरांत वहिनी, ताई किंवा मावशी गरोदर असेल, तर तपासणी झाली काय हें विचारा, आणि माहेरीं निघतांना तिचें कार्ड तिच्या पिशवींत आठवणीनें ठेवा. बाळ जन्मल्याची वार्ता येतांच पेढे वांटण्यापूर्वीं एकच प्रश्न करा, "पहिली लस दिली काय?" पालकहो, तो प्रश्न लहान तोंडीं मोठा घांस समजूं नका. त्याच्या उत्तरावर एका बालकाच्या पुढील चाळीस-पन्नास वर्षांचें आरोग्य अवलंबून असूं शकेल.