सर्व्हर-समूहातील कार्यभार-बदल

तेलंगणात २०२० पासून शेतजमिनीची नोंदणी तहसील कार्यालयात संगणकाद्वारे होते. इचोड्यात खरेदीखत नोंदले जात असता मुख्य डेटाबेस सर्व्हर बंद पडल्यास काम अडू नये, यासाठी कार्यभार घेणारा जोडीदार सर्व्हर हवा. परंतु हा बदल केवळ यंत्र बिघडल्यानेच होतो, असे नाही. पुष्कळदा यंत्र सुस्थितीत असते. नेटवर्कमधील खंड, अपुरी मेमरी किंवा मंदावलेली डिस्क यांमुळे त्याचा ‘हार्टबीट’ संदेश वेळेत पोहोचत नाही. ओरॅकलच्या समूहात लिनक्सवर ही मुदत सामान्यतः ३० सेकंदांची असते. जोडणी तुटून दोन्ही सर्व्हर स्वतःस मुख्य समजू लागले, तर एकाच सर्व्हे क्रमांकावर दोन मालक नोंदले जाण्याचा धोका संभवतो. म्हणून खरेदीखताप्रमाणे येथेही साक्षीदार लागतो. बहुमत ठरविणारा हा तिसरा घटक त्याच खोलीत, त्याच वीजजोडणीवर ठेवू नये.