व्हिएन्ना: एकट्या विद्यार्थ्याची भटकंती आणि जेवणखाण

जर्मनीत शिकायला आलेल्या विद्यार्थ्याने पहिला एकट्याचा प्रवास व्हिएन्नाचा करावा. म्युनिकहून थेट गाडी सुमारे चार तासांत पोचते. डॉइचलांड-टिकीट असलेल्याला प्रादेशिक गाडीने साल्झबुर्गपर्यंत त्याच तिकिटावर जाता येते, मग फक्त पुढचे तिकीट काढायचे. पासपोर्ट आणि निवास परवाना दोन्ही मूळ प्रतीच जवळ हव्यात, कारण परतताना सीमेवर गाडीत तपासणी होते. जर्मन सार्वजनिक विम्याच्या कार्डामागेच युरोपीय विमा कार्ड छापलेले असते, तेही विसरू नये.

व्हिएन्नात मुरलेली मराठी घरे नव्याला पहिली सूचना रविवारची देतात. त्या दिवशी दुकाने बंद असतात आणि नाशमार्क्ट हा मोठा बाजारही भरत नाही. शनिवारीच ब्रेड, दही, फळे आणून ठेवावीत. अडलेच तर हाउप्टबानहोफ किंवा प्राटरश्टेर्न स्थानकातले किराणा दुकान उघडे असते. पाण्याची बाटली मात्र विकत घेऊ नये. 1873 पासून आल्प्समधल्या झऱ्यांचे पाणी नळाने शहरात येते आणि ते थेट प्यावे इतके चांगले आहे.

शहरातल्या प्रवासाला 24 तासांचा पास पुरतो. स्थानकांवर अडवणारी फाटके नाहीत, म्हणून नवखा माणूस फसतो: कागदी तिकिटावर यंत्रात वेळेचा शिक्का मारून घेतला नाही, तर ते विनातिकीट धरले जाते आणि दंड शंभर युरोंच्या वर जातो.

पाहण्याची सुरुवात रिंगश्ट्रासेपासून करावी. सम्राट फ्रान्झ योझेफने 1857 मध्ये जुना तट पाडायचा हुकूम दिला आणि त्या जागी हा रुंद रस्ता झाला. 1 आणि 2 क्रमांकांच्या ट्राममधून संसद, नगरभवन, ऑपेरा असे बरेचसे दिसते. रिंगच्या आत श्टेफान्सडोम या कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला 343 पायऱ्या आहेत. सकाळी, पोट हलके असताना चढाव्यात. संग्रहालय एकच निवडावे, आणि ते कुन्स्टहिस्टोरिशेस. चित्रकार ब्रॉइगेलची इतकी चित्रे जगात दुसरीकडे एकत्र नाहीत. ‘बर्फातले शिकारी’ या चित्रासमोरच्या बाकावर अर्धा तास बसता येते, सोबत्याची घाई नसते. 19 वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत, त्यापुढच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर सवलत. शोनब्रुनचा महाल बाहेरून पाहिला तरी चालेल. बागेला तिकीट नाही.

जेवणाच्या बाबतीत जास्त सावध राहावे लागते. ‘वीनर श्निट्झेल’ म्हणजे कायद्याने वासराचे मांस. गोमांस न खाणाऱ्याने हे आधीच जाणून घ्यावे. डुकराचे असेल तर ‘फोम श्वाइन’ असे लिहिलेले असते. सूप बहुधा गोमांसाच्या रश्शाचे असते आणि बटाट्याच्या साध्या सॅलडमध्येही तो रस्सा पडतो. ‘केझेक्राइनर’च्या नावात चीज आहे, पण तो डुकराच्या मांसाचा सॉसेज आहे. ‘मांसाशिवाय’ एवढेच सांगून भागत नाही; ‘व्हेगेटारिश’ म्हणावे आणि रश्शाचे वेगळे विचारावे. पदार्थापुढची ए, सी, जी ही अक्षरे अनुक्रमे ग्लूटेन, अंडे आणि दूध दाखवतात, मांसाबद्दल काही सांगत नाहीत.

तरी शाकाहारी उपाशी राहत नाही. केझेश्पेट्झले, म्हणजे चीज आणि परतलेल्या कांद्यातल्या मऊ शेवया, थंडीत पोटभर होतात; त्यात अंडे असते. काइझरश्मारन हा गोड, जाड धिरड्याचा चुरा आलुबुखाराच्या गोड चटणीबरोबर देतात आणि तेवढ्यावर एक जेवण निघते. जर्दाळू भरलेले गोड क्नोडल चाखणाऱ्याला उकडीच्या मोदकाची आठवण होईल. नाशमार्क्टवर फलाफल स्वस्तात मिळते. रात्री हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मुगाची खिचडी टाकावी. डाळ-तांदूळ आणि मेतकुटाची पुडी पिशवीत फार जागा घेत नाही.

कॉफीघरात एकट्याने जायला संकोचू नये. तिथे एकटे बसणे ही जुनी रीत आहे. एक मेलांज, म्हणजे दुधाची कॉफी, मागवली की सोबत पाण्याचा पेला येतो आणि तासन्‌तास वाचत बसले तरी कोणी उठवत नाही. 1939 पासूनच्या हावेल्का कॉफीघरात संध्याकाळी ताजे बुख्टेल्न, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, मिळतात.

एकट्याचा खरा लाभ श्टाट्सओपेर या ऑपेरागृहात आहे. प्रयोगाच्या दिवशी उभ्याने पाहण्याची तिकिटे विकतात, एखाद्या साध्या जेवणाच्या पैशांत. चौघांना शेजारी जागा मिळवणे अवघड, एकाला कोपराही पुरतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो. शुक्रवारी आणि शनिवारी भुयारी रेल्वे रात्रभर धावते, इतर रात्री ‘एन’ अक्षराच्या बस मिळतात; प्रयोग लांबला तरी शेवटचा अंक सोडून निघावे लागत नाही.