अखेरच्या आजारातील देहक्षय आणि आपली शुश्रूषा

असाध्य आजारात रुग्ण झिजू लागला की घरात आग्रह सुरू होतो, ‘दोन घास तरी खा.’ त्याने घास नाकारला की आप्तेष्ट स्वतःलाच दोष देतात. म्हणून या झिजण्याचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे.

उपासमारीत झिजलेले शरीर अन्न मिळाल्यावर पुन्हा भरून येते. वैद्यकशास्त्र ज्याला ‘कॅकेक्सिया’ म्हणते, तो देहक्षय निराळा आहे. कर्करोग, हृदयाचे वा मूत्रपिंडाचे जुनाट विकार यांत शरीरभर दाह चालू राहतो. त्यातून निर्माण होणारी द्रव्ये भूक मंदावतात आणि स्नायू झिजवतात. त्यामुळे केवळ आहार वाढवून तो पूर्णपणे भरून निघत नाही.

मात्र प्रत्येक देहक्षय अंतिम नसतो. क्षयरोगात वेळीच औषधोपचार व पोषक आहार मिळाल्यास शरीर सावरते. सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक आपोआप घटल्यास तपासणी करून घ्यावीच.

अखेरच्या टप्प्यात मात्र रुग्ण खात नाही म्हणून जात नसतो. आजार शेवटास पोहोचला म्हणून त्याचे खाणे सुटते. तेव्हा बळजबरीने भरवल्यास ठसका, उलटी आणि क्लेशच वाढतात. मागेल तेव्हा घोटभर पेज द्यावी, ओठ ओलावावेत, कूस बदलावी, हात हाती घ्यावा.

अतिसाराने पीडित, एकाकी पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः स्नान घातले, उचलून मंचकावर निजविले आणि रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा होय, असे संघाला सांगितले. विनयपिटकातील हा प्रसंग आपण शाळेत ऐकला. आजाऱ्याच्या उशाशी तो आचरणात आणावयाचा आहे.